खान्देशच्या उन्हात शंभर सीसीच्या गाडीला कोणते ऑइल घालावे?

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यात राहतो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत शिकवतो. जाऊन-येऊन रोजचे ६० किलोमीटर होतात आणि त्यातला बराचसा रस्ता केळीच्या बागांमधून जाणारा, धुळीचा आहे. गाडी शंभर सीसीची, २०१६ सालची असून आजवर ८२,००० किलोमीटर चालली आहे. तिच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० हे ऑइल घालावे असे स्पष्ट लिहिले आहे आणि इतकी वर्षे मी तेच घालत आलो.

परवा मात्र आमच्या नेहमीच्या मिस्तरींनी सांगितले की, ही पुस्तिका थंड देशातल्या माणसांनी लिहिलेली आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पातळ ऑइल पाण्यासारखे होते आणि इंजिन कोरडे चालते. म्हणून यापुढे २०डब्ल्यू-४० घाला. त्यांच्या शब्दाला मान देऊन मी एक लिटरचा डबा विकतही घेतला, पण सील फोडायला हात धजत नाही. शेजारचे एक गृहस्थ म्हणतात की पूर्ण सिंथेटिक घाला आणि निश्चिंत व्हा. मुलांना मी रोज सांगतो की प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. इथे मला प्रश्नच नीट वाचता येत नाही, ही अडचण आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लळिंगघाट

सर, पुस्तिका सोडू नका. डब्यावरच्या दोन आकड्यांचा अर्थ लक्षात घेतला की निम्मा गोंधळ मिटतो. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे आहे. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना ते किती वाहते हे सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याची दाटी किती राहते हे सांगतो. म्हणजे ३० आणि ४० हे आकडे मुळातच तापलेल्या ऑइलचे आहेत. इंजिनाच्या आत शंभराच्या आसपास तापमान असताना बाहेर पारा ३० वर आहे की ४५ वर, याने काय फरक पडणार? मी धुळे ते मालेगाव हा रस्ता गेली नऊ वर्षे १०डब्ल्यू-३० वरच कापतो आहे.

वांग्याचं_भरीत

भुसावळकरांना विचारा. तिथे मे महिन्यात इंजिन बंद केल्यावर ते थंड होत नाही, फक्त बंद होते.

ट्रॅक्टरमालक

मी चार वर्षांपासून माझ्या मोटारसायकलीत ट्रॅक्टरचेच ऑइल घालतो. वीस लिटरची बादली घरात असतेच, त्यातून लिटरभर काढले की काम झाले. गाडी अजून एकदाही बंद पडलेली नाही. ट्रॅक्टर दिवसभर नांगर ओढतो, त्याला जे पुरते ते शंभर सीसीच्या गाडीला पुरणार नाही काय? हे सगळे आकड्यांचे खेळ दुकानदारांनी काढलेले आहेत.

गिरणाकाठ

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, पण ऑइलचाच आहे. माझ्याकडे स्कूटर आहे आणि यजमानांकडे मोटारसायकल. दोन्हींच्या पुस्तिकांत १०डब्ल्यू-३० असेच लिहिलेले आहे, तरी दुकानदाराने दोन वेगळे डबे दिले आणि किमतीही वेगळ्या लावल्या. ही फसवणूक समजावी काय?

रसायनशाळा

निवृत्त झाल्यापासून फळ्यावर लिहायला मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी गिरणाकाठ ताईंचे उत्तर, कारण मूळ प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. फसवणूक झालेली नाही. आपल्या मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेली असतात. क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरून राहिल्या तरच चाकाला ओढ मिळते, म्हणजे त्या जागी घर्षण हवेच असते. मोटारींसाठी केलेल्या बऱ्याच पातळ ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. तसले ऑइल मोटारसायकलीत गेले तर प्लेटा घसरू शकतात; गाडी आवाज करते आणि पुढे मात्र सरकत नाही. यासाठीच जपानमध्ये जासो या नावाने फोर-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचा मोटारसायकलींसाठीचा दर्जा १९९८ साली ठरवला गेला. ओल्या क्लचसाठी 'एमए' आणि कमी घर्षणाचे ते 'एमबी'. पुढे एमएचे एमए-१ आणि एमए-२ असे दोन भाग पडले, त्यात एमए-२ मध्ये क्लचची पकड अधिक घट्ट असते. स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतो, तो कोरडा असतो, म्हणून तिला एमबी चालते आणि तिचे गिअर ऑइलही मागच्या चाकापाशी निराळे असते. स्कूटरमध्ये चुकून एमए पडले तर फार बिघडत नाही. मोटारसायकलीत एमबी घालू नये.

आता लळिंगघाट यांच्या म्हणण्याबद्दल. आकड्यांचा अर्थ त्यांनी बरोबर सांगितला, पण शेवटचे विधान मला मान्य नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे बाहेरच्या हवेचा परिणाम बराच सावरला जातो. आपल्या शंभर सीसीच्या गाडीत तसे काही नाही. इंजिनाच्या बाहेरच्या धातूच्या पंखांवरून जाणारी हवा जितकी थंड, तितकी उष्णता ती नेणार. डिसेंबरातल्या सकाळी हवा १५ अंशांची असते आणि मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांची. बाकी सगळे सारखे धरले तर ऑइलही ढोबळमानाने तितकेच जास्त तापते. तेव्हा सरांच्या मिस्तरींची शंका अगदीच निराधार नाही.

लळिंगघाट

चूक मान्य. मग सरांनी २०डब्ल्यू-४० घालावे असे आपले मत आहे काय?

रसायनशाळा

नाही. शंका रास्त आहे, उपाय मात्र तो नव्हे.

३० या दर्जाचे ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे दाटी मोजण्याचे एकक) इतके दाट असावे लागते आणि ४० या दर्जाचे १२.५ ते १६.३. याशिवाय १५० अंशांवर, भागांच्या वेगवान घसटीत ते किती टिकते याचीही चाचणी होते. त्यामुळे 'पाण्यासारखे होते' हे वर्णन अतिशयोक्त आहे. ज्यांनी इंजिन बांधले त्यांनी फटी, पंप आणि ऑइलच्या वाटा त्या दाटीचा हिशेब धरून ठेवलेल्या असतात. दाट ऑइल पंपाला जड जाते, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोहोचायला उशीर लावते आणि थोडे पेट्रोलही खाते.

उष्णतेचा खरा घाव दुसरीकडे बसतो. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. तळणीचे तेल मंद आचेवर आणि भडक आचेवर किती वेळा वापरता येते, हे घरात विचारले तर कोणीही सांगेल. उन्हाळ्यात ऑइल लवकर म्हातारे होते, म्हणून दर्जा तोच ठेवून बदलण्याची मुदत अलीकडे आणावी. पुस्तिकेत ६,००० किलोमीटर लिहिले असेल तर आपल्या धुळीत आणि उन्हात मार्च ते जून या काळात मी ३,००० ते ४,००० धरतो.

वांग्याचं_भरीत

सरांनी तळणीचे उदाहरण देऊन आमच्या गावातल्या भजीच्या गाडीवरचा माझा विश्वास उडवला आहे.

ट्रॅक्टरमालक

माझ्या बादलीबद्दल कोणीच बोलले नाही.

रसायनशाळा

बोलतो. डिझेल इंजिनाच्या ऑइलात काजळी धरून ठेवणारी द्रव्ये भरपूर असतात आणि घर्षण कमी करणारी द्रव्ये बहुधा नसतात, म्हणून आपला क्लच चार वर्षे टिकला यात नवल नाही. काही डिझेल ऑइलांच्या डब्यांवर जासो एमए असेही छापलेले आढळते. आपल्या बादलीवर ते आहे का, एवढे पाहावे. दुसरी बाब फॉस्फरसची. झीज रोखणारे द्रव्य फॉस्फरसचे असते; जासोने त्याचे प्रमाण ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवले आहे, आणि डिझेलच्या कित्येक ऑइलांत ते याहून जास्त असते. इंजिन थोडेफार ऑइल जाळतेच आणि तो फॉस्फरस सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो. एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ या प्रदूषण-नियमांची गाडी असेल तर हा प्रयोग करू नये.

ट्रॅक्टरमालक

गाडी २००९ ची आहे. बादलीवर एमए लिहिलेले नाही, आत्ताच गोठ्यात जाऊन पाहून आलो. तरी गाडी चालते आहे, हेही नोंदवून ठेवावे.

गॅरेज_नंदुरबार

मी नंदुरबारला सतरा वर्षांपासून गॅरेज चालवतो. इथे मिस्तरी लोकांना बरेच ऐकवले जाते, म्हणून आमची बाजूही मांडतो.

पहिली गोष्ट, मिस्तरी २०डब्ल्यू-४० का सुचवतो? त्याच्या दुकानात एकच मोठा ड्रम असतो, हे खरे कारण कोणी सांगत नाही. शंभर सीसीपासून दीडशे सीसीपर्यंत सगळ्या गाड्यांना त्याच नळीने ऑइल जाते. चार प्रकारचे डबे ठेवायला भांडवल लागते आणि गिऱ्हाईक तर दहा रुपयांवरून घासाघीस करते. मीही पहिली काही वर्षे हेच केले. दुसरे कारण असे की, झिजलेल्या इंजिनात दाट ऑइल घातले की टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हकडचा आवाज दबतो. गिऱ्हाईक खूश होते आणि आपला मिस्तरी हुशार आहे असे गावभर सांगते. आवाज दबला म्हणजे झीज थांबली असे नव्हे, पण गिऱ्हाइकाला ते समजावण्यापेक्षा ऑइल ओतणे सोपे पडते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. माझ्याकडे जी इंजिने उघडायला येतात, त्यांत पातळ ऑइलने मेलेले इंजिन मी ओळखून दाखवू शकत नाही. ऑइल नसल्यामुळे मेलेले इंजिन मात्र लगेच ओळखू येते. चांदसैली घाटाने तिघांना बसवून धडगावकडे जाणाऱ्या गाड्या येतात. हेड उघडले की कॅमवर चरे पडलेले, त्यावर टेकणाऱ्या रॉकरचे तोंड खाल्लेले, सगळे निळे-काळे झालेले. ड्रेन नट काढला की लिटरभर ऑइलच्या जागी चहाच्या दोन पेल्यांएवढे काळे पाणी पडते. मालक म्हणतो, 'ऑइल तर आत्ताच दिवाळीला बदलले होते.' दिवाळी ते अक्षय्य तृतीया या काळात त्याने एकदाही ऑइलची पातळी दाखवणारी काडी काढून पाहिलेली नसते. हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्त करण्याचा खर्च ऐकून तो ऑइलच्या कंपनीला शिव्या देतो.

म्हणून सरांना माझा प्रतिप्रश्न आहे. शेवटची काडी केव्हा पाहिली होती?

लळिंगघाट

काडी पाहण्याची रीतही सांगून ठेवावी, कारण मी स्वतः ती कित्येक वर्षे चुकीची करत होतो. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी उभी करावी, दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करावी आणि ऑइल खाली उतरेपर्यंत पुन्हा दोन-तीन मिनिटे थांबावे. मग काडी पुसून परत आत सोडावी. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. मी आटे घट्ट करून पाहायचो, त्यामुळे पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसायची आणि मी समाधानाने घरी जायचो. काही मोठ्या गाड्यांना काडीऐवजी खालच्या बाजूला काचेची खिडकी असते, तिथे हा घोळ नाही.

पुण्यातला_खान्देशी

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीला पुस्तिकेतच २०डब्ल्यू-५० सांगितले आहे. शेजाऱ्याच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीला १५डब्ल्यू-५० लागते. म्हणजे दाट ऑइल मुळातच वाईट नाही. ज्या इंजिनाचे जे आहे ते त्याला. दर डिसेंबरात मी सारंगखेड्याच्या यात्रेला गाडीनेच येतो, पहाटेच्या थंडीतही ती पहिल्या बटणाला चालू होते.

सिंथेटिकबद्दल मात्र कोणी काही लिहिले नाही. मी घालतो आणि समाधानी आहे.

रसायनशाळा

थंडीचा मुद्दा बरोबर आहे. २०डब्ल्यू या दर्जाची थंड सुरुवातीची चाचणी उणे १५ अंशांवर होते आणि १०डब्ल्यूची उणे २५ वर. धुळ्याची कडाक्याची थंडी म्हटली तरी पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे गाडी दोन्हींवर चालू होईल. फरक पडतो तो ऑइल वरपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या पहिल्या काही क्षणांत.

सिंथेटिक उष्णतेत अधिक टिकते, यात शंका नाही. मात्र 'सिंथेटिक' या शब्दावर फार विसंबू नये. खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून काढलेले ऑइलही या नावाने विकले जाते. अमेरिकेत १९९९ साली दोन मोठ्या कंपन्यांमध्ये यावरून जाहिरातींचा वाद झाला आणि निवाडा असे नाव देण्याच्या बाजूने लागला. शिवाय इथे आणखी एक गोष्ट आहे. मोटारसायकलीत तेच ऑइल गिअरच्या दातांमध्येही चेपले जाते आणि दाटी सांभाळणाऱ्या लांब साखळीच्या रेणूंचे त्यात तुकडे होतात. धूळ, पेट्रोलचा अंश आणि काजळी तर कोणत्याही ऑइलात सारखीच मिसळते. आपल्या शंभर सीसीच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो, एक जाळी असते आणि एक फिरकी गाळणी. ती किती गाळणार? महाग ऑइल १०,००० किलोमीटर चालवण्यापेक्षा साधे ऑइल ३,००० ला बदललेले मला पसंत आहे.

गॅरेज_नंदुरबार

फिरकी गाळणीचे नाव निघाले म्हणून सांगतो: ती उघडून साफ करायची असते, आणि मालकाने सांगितल्याशिवाय कोणी उघडत नाही. आत गेरूसारखा घट्ट गाळ बसलेला असतो. एअर फिल्टरही तसाच. कापसाच्या हंगामात ज्या गाड्या शेतात जातात, त्यांच्या फिल्टरमधून मूठभर माती निघते. जी माती तिथे अडत नाही ती ऑइलात उतरते आणि पिस्टनच्या रिंगांना घासते. हजार रुपयांचे ऑइल घालून दोनशे रुपयांचा फिल्टर न बदलणारे लोक मी रोज पाहतो.

गिरणाकाठ

रसायनशाळा सरांचे आभार. दुकानदाराला मी दोन दिवस बोलणे सोडले होते, आता चहाला बोलवावे लागेल. जुने काढलेले ऑइल काय करावे, हेही कोणी सांगावे. यजमान ते साखळीला लावतात.

गॅरेज_नंदुरबार

ताई, साखळीला लावू नये. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते, साखळीला ते घासकागदासारखे होते. ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे. काढलेले ऑइल डब्यात भरून गॅरेजवर द्यावे, आमच्याकडून ते पुढे गोळा केले जाते. नाल्यात आणि बांधावर मात्र कधी ओतू नये.

सातपुडा_पायथा

मंडळी, उशिरा उत्तर देत असल्याबद्दल क्षमा असावी; परीक्षा आणि पेपर तपासणीत दोन महिने गेले. पण गृहपाठ केला आहे.

नंदुरबारच्या मिस्तरींचा प्रश्न वाचला त्याच संध्याकाळी, वरच्या रीतीने काडी पाहिली. काडीचे टोक जेमतेम ओले होते, खालच्या खुणेला ऑइल लागलेलेच नव्हते. इंजिनाचा जो आवाज मी उन्हाचा समजत होतो, तो रिकाम्या पोटाचा होता. दुसऱ्या दिवशी जुने ऑइल काढले, जाळी आणि फिरकी गाळणी समोर बसून साफ करून घेतली, ड्रेन नटाचे वॉशर बदलले आणि १०डब्ल्यू-३०, जासो एमए असे लिहिलेले ऑइल भरले. आवाज निम्म्याने कमी झाला.

त्यानंतर दर रविवारी काडी पाहून हजेरीच्या जुन्या वहीत नोंद ठेवली. हजार किलोमीटरला साधारण १०० मिलिलिटर ऑइल कमी होते आहे. सकाळी गाडी चालू केल्यावर थोडा निळसर धूर येतो आणि मग थांबतो. अशा स्थितीत तरी ४० नंबरचे ऑइल योग्य ठरेल काय?

गॅरेज_नंदुरबार

सर, वही ठेवणारे गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटले. फक्त सकाळी धूर येतो आणि मग गाडी साफ चालते, याचा अर्थ बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झाले आहेत. रात्रभरात ऑइल तिथून झिरपते. रिंग गेल्या असत्या तर चढावर पीळ दिल्यावर सतत धूर आला असता. सील बदलण्याचे काम मोठे नाही, बोअर-पिस्टनला हात लावावा लागत नाही. ४० नंबरने धूर थोडा कमी होईल, पण कडक झालेले सील मऊ होणार नाहीत. सील बदलेपर्यंत दर रविवारी भर घालत राहा.

सातपुडा_पायथा

आभार. उन्हाळी सुटीत सील बदलून घेतो आणि बदलीची मुदत ३,००० किलोमीटरवर आणतो. आमच्या नेहमीच्या मिस्तरींनाही हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, 'पुस्तिका तुमची, गाडी तुमची.' राहिला तो २०डब्ल्यू-४० चा डबा. सील न फोडता तो पुस्तकांच्या कपाटात ठेवला आहे. कोणाला उपयोग होत असेल तर घेऊन जावा.

ट्रॅक्टरमालक

मी घ्यायला तयार आहे. बदल्यात केळीचा एक घड आणून देईन.

रसायनशाळा

डिझेल इंजिनात घालणार असाल तर डब्याच्या मागे कोणता दर्जा लिहिला आहे, ते आधी वाचावे.

ट्रॅक्टरमालक

सर, गोठ्याच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लावणार आहे. त्यांची पुस्तिका आमच्याकडे नाही.